एक घटका ते दोन प्रहर

हळ्ळीखेड (बी) हे नाव प्रथमच ऐकणाऱ्यास आम्ही नेहमी एक गंमत सांगतो. कानडीत हळ्ळी म्हणजे गाव आणि मराठीत खेड म्हणजेही गाव; तेव्हा दोन भाषा मिळून आमच्या गावाचे नाव 'गावगाव' असे होते, आणि कंसातील 'बी' हे बुजुर्गाचे, म्हणजे थोरल्याचे अक्षर असल्यामुळे ते थोरले गावगाव ठरते. बिदर आणि हुमनाबाद यांच्या मधल्या या मुलखात एकाच अंगणात आजी मराठीत ओवी म्हणते, गडी कानडीत ओ देतो आणि बाजारात दखनी चालते. सुखाची गोष्ट कोणत्याही भाषेत सांगता येते. दुखणे कोणत्या भाषेत सांगावे हा मात्र अशा ठिकाणी प्रश्नच असतो. 'एदे उरी' असे कानडीत म्हटले की ऐकणारा पित्ताची जळजळ समजतो. 'उरावर ओझे आहे' असे मराठीत म्हटले की ऐकणारा संसाराचे ओझे समजतो. आमच्या थोरल्या काकांनी दोन्ही भाषांत सांगितले होते, आणि आम्ही दोन्ही भाषांत चुकीचे समजलो. ही हकीकत त्या चुकीची आहे.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी घरातील एक मंगलकार्य आटोपून आम्ही सारे बिदरच्या झरणी नृसिंहाच्या दर्शनास गेलो होतो. ज्या वाचकांनी ते स्थान पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. जांभ्या दगडाच्या टेकडीत सुमारे तीनशे मीटर लांबीचे भुयार आहे आणि त्यात झऱ्याचे पाणी छातीपर्यंत साचलेले असते. छताला वटवाघळे लोंबत असतात. माणसे मुलांना खांद्यावर घेऊन, नामघोष करीत, ते पाणी कापीत पुढे सरकतात. भुयाराच्या टोकाशी खडकाच्या भिंतीवर नृसिंहाचे दर्शन होते. काका तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होते, पण रोज शेतावर पायी जाऊन येणारे, काटक शरीराचे. अर्ध्या वाटेवर ते एकाएकी थांबले. एक हात भिंतीला आणि दुसरा छातीला. गार पाण्यात उभे असताना त्यांच्या कपाळावर घाम होता. "उरावर कोणी पाय ठेवल्यागत होतंय," ते म्हणाले.

आम्ही शहरात चार बुके शिकलेलो, म्हणून घरात आमच्या शब्दाला मान. आम्ही तत्काळ सांगितले, "काका, गर्दी आहे, भुयारात हवा कमी आहे. बाहेर पडलात की बरे वाटेल." बाहेर येऊन पायरीवर बसताच दहा मिनिटांत त्यांना बरे वाटले. आमचे निदान खरे ठरले असे सर्वांना वाटले, आम्हांलाही वाटले.

त्या निदानातील खोट खरे म्हणजे आमच्या डोळ्यांसमोरच जळत होती. देवापुढे समई तेवत होती. हवेच्या शंभर भागांत प्राणवायूचे सुमारे एकवीस भाग असतात; ते सोळा-सतरापर्यंत उतरले की साधी ज्योत विझते, माणूस मात्र धापा टाकीत का होईना तग धरतो. जेथे समई संथ तेवते आहे, तेथे मागेपुढे चालणाऱ्या शेकडो माणसांना हवा पुरावी आणि एकट्या काकांना अपुरी पडावी, हे कसे घडेल? हवेत प्राणवायू होता, फुफ्फुसांत होता, रक्तात होता. फक्त काकांच्या हृदयाच्या स्नायूपर्यंत तो पुरेसा पोहोचत नव्हता. छातीएवढ्या पाण्यात उभे राहिले की पायांतील रक्त छातीकडे लोटले जाते, हृदयाच्या कप्प्यांत नेहमीहून अधिक रक्त येते आणि त्याचे काम वाढते. त्यात पुन्हा पाणी कापीत चालणे. वाढत्या कामाला वाढता पुरवठा हवा होता, आणि पुरवठ्याची वाट आतून अरुंद झाली होती.

हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि हजारो लिटर रक्त पुढे ढकलते. परंतु आपल्या कप्प्यांतून वाहणाऱ्या त्या रक्तावर त्याचा स्वतःचा जवळजवळ काहीच हक्क नसतो. महारोहिणीच्या मुळाशी दोन बारीक रोहिण्या फुटतात आणि हृदयावर वेलीसारख्या पसरतात. त्यांतून परत येईल तेवढेच रक्त त्याच्या वाट्याचे. आमच्या भागात कारंजा नदीवर धरण आहे, त्यामुळे 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण आम्हांला कोणी समजावून सांगावी लागत नाही. दुसरी अडचण याहून बिकट आहे. शरीर स्वस्थ असताना इतर अवयव मिळून रक्तातील प्राणवायूचा जेमतेम चौथा हिस्सा उचलतात आणि बाकीचा परत पाठवितात. अडीअडचणीला जास्त उचलण्यास त्यांना वाव असतो. हृदय स्वस्थ असतानाही सत्तर टक्क्यांच्या आसपास उचलून बसलेले असते. त्याला आणखी उधारी मिळत नाही. रक्ताचा ओघच वाढला पाहिजे.

हा सारा प्राणवायू जातो कोठे? येथे एका आंध्रपुत्राचे नाव घेतले पाहिजे. भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्के यांच्याबरोबर काम करीत होते. या दोघांनी १९२७ साली स्नायूंतील क्रिएटिन फॉस्फेट आणि १९२९ साली एटीपी हे द्रव्य जगापुढे मांडले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनाही एटीपी स्वतंत्रपणे सापडले. एटीपी म्हणजे पेशीच्या व्यवहारातील रोकड. स्नायू आवळायचा असो, क्षार आतबाहेर करायचे असोत, प्रत्येक कामाचा मोबदला या नाण्यात द्यावा लागतो. हृदयाचे वजन सुमारे तीनशे ग्रॅम, आणि एका दिवसात ते सहा किलोच्या आसपास एटीपी तयार करून खर्चून टाकते. साठा मात्र इतका अल्प की नवे नाणे पडले नाही तर तो थोड्याशाच ठोक्यांना पुरतो. क्रिएटिन फॉस्फेटची गंगाजळी त्यात काही सेकंदांची भर घालते. इतके थोर इंद्रिय, पण हातावर पोट असलेल्या मजुराप्रमाणे जगते. (सुब्बाराव स्वतः १९४८ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, हृदयविकारानेच गेले.)

ही नाणी पाडण्याची टांकसाळ म्हणजे पेशीतील तंतुकणिका. हृदयाच्या स्नायूपेशीचा सुमारे तिसरा हिस्सा यांनीच व्यापलेला असतो. मेदाम्ले हे हृदयाचे मुख्य इंधन, त्याखालोखाल साखर. या इंधनातून काढलेले विद्युत्कण तंतुकणिकेच्या पडद्यातून एका हातातून दुसऱ्या हातात असे दिले जातात. त्यांच्या ओघाच्या जोरावर हायड्रोजनचे भारित कण पडद्याच्या एका बाजूस साठविले जातात. धरणात पाणी साठावे तसा तो साठा. ते कण परत खाली येताना एक अतिसूक्ष्म चक्र फिरवितात आणि त्या चक्रातून एटीपी बाहेर पडते. ही धरणाची कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली तेव्हा अनेक विद्वानांनी ती हसण्यावारी नेली. १९७८ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. या साखळीच्या अगदी शेवटी प्राणवायू उभा असतो. आलेले विद्युत्कण स्वीकारायचे आणि पाणी होऊन बाजूला व्हायचे, एवढेच त्याचे काम. पण तो नसेल तर काय होते, हे आमच्याकडील ऊस पिकविणाऱ्यास विचारावे. गाळप बंद पडले की कारखान्याच्या फाटकापासून गाड्यांची रांग लागते. ऊस आहे, बैल आहेत, माणसे आहेत, पण एकही गाडी पुढे सरकत नाही. प्राणवायूवाचून पेशीत इंधनाची अशीच रांग लागते.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी, ऐन थंडीत, आम्ही गावीच असताना, पहाटे चारच्या सुमारास काका जागे झाले ते त्याच ओझ्याने. या वेळी ते दहा मिनिटांत उतरले नाही. "पित्त असंल," म्हणून काकूंनी जिरे-ओव्याचे पाणी दिले. कोणी खाण्याचा सोडा दिला, कोणी पाठ चोळली. काका एकदा मराठीत आणि एकदा, गड्याने विचारले म्हणून, कानडीत तेच सांगत राहिले. आमचे मत विचारले गेले तेव्हा आम्ही दुसऱ्यांदा शहाणपण केले: "उजाडू द्या, मग पाहू." उजाडले, जीप मिळाली, तालुक्याच्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला आणि क्षणभरही न थांबता मोठ्या शहराची वाट दाखविली. तेथील रुग्णालयात काका पोहोचले तेव्हा अकरा वाजले होते.

चार ते अकरा हे सात तास आम्ही पुढे कितीतरी रात्री मोजले. आम्ही वैद्य नव्हे. वाचून आणि जाणत्यांना विचारून जे उमगले तेच येथे लिहितो. रोहिणी गुठळीने पूर्ण बंद झाली की काही सेकंदांतच त्या भागातील प्राणवायू संपतो, आणि मिनिटाच्या आत तेथील स्नायू आकुंचन पावणे थांबवितो. आश्चर्य हे की त्या क्षणी पेशीत बरेचसे एटीपी शिल्लक असते! क्रिएटिन फॉस्फेट फुटून सुटलेले फॉस्फेट आणि वाढणारी आम्लता स्नायूचे हात धरतात. पेशी मेलेली नसते. तिने काम टाकून प्राण राखलेले असतात. दुष्काळात शहाणा शेतकरी बियाण्याच्या कणगीला हात लावीत नाही, तसे.

मग ती प्राणवायूवाचून चालणाऱ्या जुन्या वाटेला लागते. साखर अर्धवट फोडून थोडे एटीपी मिळविता येते. परंतु जेथे एका ग्लुकोजमागे सुमारे तीस नाणी पडत, तेथे आता दोन. दह्यात असते तेच दुग्धाम्ल पेशीत साचू लागते, आणि रक्तच वाहत नसल्याने ते धुऊन नेणारे कोणी नसते; शेवटी त्या आम्लाने ही वाटही अडते. त्यात आणखी एक उलटा प्रकार होतो. धरण रिते झाल्यावर ते सूक्ष्म चक्र उलटे फिरू लागते आणि एटीपी करण्याऐवजी शिलकीतले खाऊ लागते; त्यास आवर घालणारे एक छोटे प्रथिन निसर्गाने ठेवले आहे, म्हणून तर थोडा काळ निभावतो. एटीपी फुटता फुटता त्यातून अॅडिनोसिन सुटते. ते पेशीबाहेर पडून आसपासच्या रक्तवाहिन्या रुंदाविते आणि मज्जातंतूंना डिवचते. छातीवरच्या त्या ओझ्यात त्याचाही वाटा असतो असे मानले जाते. काकांच्या त्या शब्दांमागे पेशींनी रक्तासाठी घातलेली साद होती. आमचे कोंकणी वाचक हृदयाला काळीज म्हणतात. आपल्या बोलण्यात काळीज तुटते, पिळवटते, पण बोलत मात्र नाही. आम्हांस आता वाटते की ते बोलते, ऐकणारा पित्त समजतो.

आपल्या जुन्या कालगणनेत चोवीस मिनिटांची एक घटका आणि तीन तासांचा एक प्रहर. मुहूर्त साधण्यासाठी पूर्वी घटिकापात्र ठेवीत. तळाशी बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची, ती हळूहळू भरे आणि घटका भरताच बुडे. रक्त तुटलेल्या पेशीचे अगदी तसेच आहे. क्षार बाहेर फेकणारे तिचे पंप एटीपीवाचून मंदावतात. मीठ आत येते, मिठामागून पाणी येते, पेशी फुगते. स्नायू आवळण्यास एटीपी लागते तसे तो सैल करण्यासही लागते, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. ते संपले की तंतू आवळलेलेच राहतात. मृत्यूनंतर देह ताठरतो तो याच कारणाने. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातील रॉबर्ट जेनिंग्ज आणि कीथ रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयांवर प्रयोग करून हा हिशेब मांडला. रक्त तोडल्यावर वीस ते चाळीस मिनिटे पेशी वाचविता येतात. नंतर मरणाची लाट हृदयाच्या भिंतीच्या आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे सरकू लागते, आणि तीन ते सहा तासांत ती बहुतेक पलीकडे पोहोचते. हे त्यांनी १९७७ साली प्रसिद्ध केले. म्हणजे आपल्या मापाने एक घटका ते दोन प्रहर. माणसागणिक हा काळ थोडा बदलतो. कोणाच्या हृदयात आडवाटेने झिरपणारे रक्त अधिक, कोणाच्या कमी. काकांना पोहोचविण्यास आम्ही दोन प्रहरांहून एक तास अधिक घेतला होता.

याच मंडळींची १९८६ सालची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण एकादशी करणाऱ्या आमच्या वाचकांना ती रुचेल. चार्ल्स मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाचा रक्तपुरवठा आधी पाच-पाच मिनिटे चार वेळा तोडला, मध्ये पाच-पाच मिनिटे सोडला, आणि मग चाळीस मिनिटांचा मोठा दुष्काळ घातला. अपेक्षा अशी की आधीच थकलेले हृदय जास्त मरेल. प्रत्यक्षात मेलेला भाग नेहमीच्या सुमारे एक चतुर्थांशच भरला. लहान उपासांनी पेशी मोठ्या उपासाला तयार झाली होती. (आपण हे घरी करून पाहण्यासारखे नाही, हे सांगणे नको!) मात्र हे कवच जेमतेम एक-दोन तास टिकते, आणि पुढे दुसऱ्या दिवशी काही काळ पुन्हा उमटते. काकांच्या झरणीतील उपासाचा तीन महिन्यांनंतर त्यांना काडीचा उपयोग झाला नाही. तो इशारा होता, आणि इशाऱ्याचे आम्ही हवेवर बिल फाडले होते.

कप्प्यात रक्त भरलेले असताना भिंतीने उपाशी का मरावे, हा प्रश्न आमच्यासारख्या अडाण्यालाच पडतो असे नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनाही तो पडला होता. सर्पाच्या हृदयाची भिंत स्पंजासारखी सच्छिद्र असते आणि कप्प्यातले रक्त तिच्यात थेट झिरपते. मग माणसाच्या हृदयाच्या भिंतीला सुईने छिद्रे पाडून तिला सर्पासारखे रक्त पाजता येणार नाही काय? सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोग करून १९६५ साली प्रसिद्ध केले. नागपंचमीला दूध दाखविणाऱ्या आपल्या देशात नागाकडून ही विद्या शिकावी असे कोणास तरी वाटले, याचा आम्हांला मोठा आनंद होतो. ती छिद्रे मात्र व्रण भरून बुजून जातात. पुढे अमेरिकेत सुईच्या जागी लेसर किरण आले तरी छिद्रांचा स्वभाव बदलला नाही. याच सेनांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयारोपण केले. रोगी काही तासच जगला. दुसऱ्याचे हृदय काढून बसवायचे तर मधल्या वेळात ते रक्तावाचूनच राहणार. ते बर्फागार ठेवले की त्याची भूक मंदावते आणि घटकेचा अवधी सुमारे चार तासांपर्यंत ताणता येतो. घरच्या माणसाच्या छातीतील ऊबदार हृदयाला ही सवलत नाही.

अलीकडे मुलूख थोडा बदलला आहे. कलबुरगीस जयदेव हृद्रोग संस्थेची शाखा आहे. अभिनेते पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. त्यांच्या नावाने कर्नाटक शासनाने २०२३ साली हृदयज्योती योजना सुरू केली. लहान गावच्या रुग्णालयात आलेख काढावा, तो दूर बसलेल्या तज्ज्ञाने लगेच वाचावा आणि गुठळी विरघळविणारे इंजेक्शन तेथल्या तेथे द्यावे, अशी ती योजना. मोठ्या शहराची वाट धरण्यात जाणारा प्रहर यामुळे वाचू शकतो. पहाटे चारला स्वयंपाकघरात जाणारा प्रहर कोणती योजना वाचविणार, ते आम्हांला कळत नाही.

काका वाचले. मुंबईत जन्मलेले हृद्रोगतज्ज्ञ शहाबुद्दीन रहिमतुला यांनी रूढ केलेली एक कल्पना आम्हांस त्या वेळी प्रथम ऐकावयास मिळाली. रक्त थोडेथोडे मिळत राहिले तर हृदयाचा काही भाग काम टाकून निजून राहतो आणि पुरवठा सुधारला की जागा होऊ शकतो. रुग्णालयातून निघण्यापूर्वी ध्वनिलहरींच्या यंत्रावर काकांना त्यांचे हृदय दाखविले. सारे हलत होते. पुढची भिंत तेवढी पाण्यातल्या खडकासारखी निश्चल. काकांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिले आणि विचारले, "हे झोपलंय का गेलंय?" डॉक्टर म्हणाले, "काही झोपले आहे, काही गेले आहे. किती कोणते, ते दोन-तीन महिन्यांनी कळेल." तीन महिन्यांनी कडेची एक पट्टी हलू लागलेली दिसली. बाकीची हलली नाही.

पुढे ते चार वर्षे जगले. शेताच्या पहिल्या बांधापर्यंत जात, तेथून हाक मारीत. दत्तजयंतीला माणिकनगरास नेले तर दारातल्या पायरीवर बसून पालखी पाहत. एकदा त्यांनी हट्टच धरला म्हणून आम्ही त्यांना पुन्हा बिदरला झरणीवर नेले. पाण्यात उतरण्याची त्यांस मनाई होती. ते बाहेर पायरीवर बसले आणि आम्हांस आत पाठविले. समईचा तो हिशेब एव्हाना आम्ही त्यांना सांगून टाकला होता. ऐकून त्यांनी तेव्हा काहीच म्हटले नव्हते. आम्ही ओल्या कपड्यांनी बाहेर आलो, तीर्थ त्यांच्या हातावर घातले. ते पिऊन हात डोक्यावरून फिरवीत त्यांनी विचारले, "समई जळत होती का आत?"

"होय, जळत होती," आम्ही म्हणालो.

"मग हवा हाय तर," काका म्हणाले, आणि उठण्यासाठी त्यांनी आमचा हात मागितला.